हात वर गेला की पळणारी शेंगी टॉवेल आणून द्यायला कशी लागली

दिवाळीची सुट्टी संपायला दोन दिवस राहिले होते, तेव्हा आमच्या गल्लीतला आठवीतला पोरगा गेटापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, शेंगीला माझा राग आलाय बहुतेक. मी बॉल टाकला की ती पळून जायलीय. बॉलकडं नाही, उलटी." डोळ्यात पाणी होतं त्याच्या. तीन आठवडे तो रोज संध्याकाळी शेंगीला, म्हणजे त्याच्या घरच्या कुत्रीला, बॉल आणायला शिकवत होता आणि रोज ती थोडी जास्तच लांब जायला लागली होती. पुढचे पाच महिने आम्ही दोघांनी मिळून जे केलं ते इथं सगळं लिहितेय, चुकांसकट, कारण गावठी कुत्रं घरात आणलेल्या बऱ्याच जणांचं इथंच अडतं आणि मग ते सोडूनच देतात.

आधी पोराच्या घरची माहिती. शेंगी गावठी, रंग शेंगांच्या टरफलासारखा म्हणून शेंगी. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ती यांच्या जिन्याखाली येऊन बसली आणि मग गेलीच नाही. डाव्या कानाला खाच आहे, म्हणजे कुणीतरी धरून नसबंदी करून परत सोडलेली. डॉक्टरांनी दात बघून वय दोनच्या आसपास सांगितलं, वजन १४ किलो, रेबीजची लस दिली. घरात आई-वडील, आज्जी आणि हा. वडील अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आहेत. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारे कर्नाटकातल्या इंडीकडचे, ते कन्नड बोलतात. आपल्या सोलापुरात यात काही नवल नाही पण हे मुद्दाम सांगून ठेवतेय, पुढं लागणार आहे.

पोरानं व्हिडिओ बघून सुरुवात केली होती. लाल रबरी बॉल, लांब फेकायचा, "फेच" म्हणायचं, आणला की शाबासकी. व्हिडिओतली कुत्री बहुतेक लॅब्राडोर नाहीतर गोल्डन. गल्लीत चार लोकांनी त्याला सांगून झालं होतं की गावठीला असलं काही येत नसतं, लॅब आण बे. हे मला पटत नाही, पण त्यात थोडं खरं काय आहे ते सांगायला पाहिजे. लॅब काय, गोल्डन काय, ही रिट्रीव्हर जातीची कुत्री बंदुकीनं पाडलेला पक्षी न चावता मालकाकडं आणून द्यावा म्हणूनच पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवलेली आहेत. गोल्डन रिट्रीव्हरची सुरुवात स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्याकडं १८६८ साली झालेल्या पिल्लांपासून धरतात. म्हणजे दीडशे वर्षं "परत आण" याच गोष्टीसाठी निवड झालीय. आपल्याकडचं कारवान नाहीतर मुधोळ घ्या, ते सशामागं वाऱ्यासारखं पळेल, पण बॉल आणून हातात देईल असं नाही, कारण त्याला पाठलागासाठी वाढवलंय. आणि गावठीला कुणी कशासाठीच निवडलेलं नाही, ते स्वतःच्या हिमतीवर जगलेलं असतं. बघणं, मागं धावणं, तोंडात धरणं, उचलून सुरक्षित जागी नेणं, हे सगळं त्याच्यात असतंच. नसतं ते एवढंच की ती सुरक्षित जागा म्हणजे तुम्ही.

पहिल्या दिवशी मी त्याला म्हणलं, तू काही शिकवू नको, रोज जे करतोस ते फक्त करून दाखव, मी पायरीवर बसते. त्यानं बॉल जमिनीवरून उचलला, हात डोक्यामागं नेला आणि टाकला. शेंगी माझ्यापासून सात-आठ फुटांवर होती. मी बॉलकडं बघितलंच नाही, तिच्याकडंच बघत होते. तो उचलायला वाकला तेव्हाच तिचे कान मागं गेले आणि शेपूट पोटाखाली गेलं. हात वर गेला तेव्हा ती वळलेली होती. बॉल सुटायच्या आत ती जिन्याखाली पोचली होती.

मी त्याला परत वाकायला सांगितलं, रिकाम्या हातानं. परत तेच झालं, जिन्याखालून नुसते डोळे दिसत होते.

मग त्याला विचारलं, रस्त्यावरच्या कुत्र्याला हाकलायचं असेल तर लोक काय करतात? तो बोलता बोलता थांबला. दगड उचलतात. दगड नसला तरी उचलल्यासारखं करतात, तेवढ्यानंच कुत्रं पळतं. आपण सगळ्यांनी हे बघितलंय, बऱ्याच जणांनी केलंय पण. खाली वाकणं, उठणं, हात मागं नेणं, सोडणं. बॉल टाकतानाची आणि दगड मारतानाची हालचाल एकच आहे. तिनं दोन वर्षं रस्त्यावर काढली ती हीच हालचाल वेळेवर ओळखून. आता ज्याचा तिच्यावर एवढा जीव आहे तोच पोरगा रोज संध्याकाळी तिच्याकडं तोंड करून ती हालचाल दहा-दहा वेळा करायला लागला होता.

रस्त्यावरची कुत्री आपला हात किती बारकाईनं वाचतात यावर कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या टीमनं काम केलंय, २०२० साली ते छापून आलं. शिकवलेली नसलेली, कधी कुणाच्या घरात न राहिलेली कुत्री, आणि माणूस दोन भांड्यांपैकी एकाकडं बोट दाखवतोय. जी जवळ आली त्यातली जवळजवळ ८० टक्के बोट दाखवलेल्या भांड्याकडं गेली. पण साधारण निम्मी जवळच आली नाहीत, ती बिचकलेली होती. शेंगीची अडचण मला यातच दिसली. तिला हात कळत नव्हता असं नाही, फार नीट कळत होता.

दुसरी एक गोष्ट त्याच दिवशी कळली आणि ती चांगली होती. आज्जी आतून ओरडल्या की परत चप्पल नेली. शेंगी दारातली चप्पल अलगद तोंडात धरून जिन्याखाली नेऊन ठेवते, चावत नाही, नुसती जवळ ठेवून बसते. घरातले वैतागले होते, मला मात्र एवढं बरं वाटलं! वस्तू धरणं आणि न चावता वाहून नेणं, या दोन गोष्टी शिकवायला कधीकधी महिना जातो, त्या तिला येतच होत्या. पण चप्पल उचलली की काय व्हायचं? घरातले तिघं मागं धावायचे, कोपऱ्यात गाठायचे, जबडा उघडून काढून घ्यायचे. तोंडात काही असताना माणूस जवळ आला की ते जातं, हे तिला घरानंच पक्कं शिकवलेलं.

म्हणजे दोन वेगळी कामं होती, हाताची भीती घालवणं आणि दिलेली वस्तू परत मिळते हे पटवणं. मी पोराला सांगितलं की दोन आठवडे काहीही फेकायचं नाही. त्याचं तोंड पडलं, पण ऐकलं त्यानं.

हाताचं काम असं ठरलं. शेंगी आपणहून जिथं आरामात बसते तेवढ्या अंतरावर उभं राहायचं. थोडंसं वाकायचं, हात फक्त गुडघ्याला लावायचा, सरळ व्हायचं, आणि मग उकडलेल्या चिकनचा तुकडा, बिनमिठाचा, पत्र्याच्या ताटलीत ठेवून मागं सरकायचं. ताटलीत ठेवायचा, टाकायचा नाही, कारण चिकनचा तुकडा टाकणं हे पण टाकणंच की. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी सहा-सात वेळा वाकायचं, जास्त नाही. जमलं की हात नडगीपर्यंत, मग घोट्यापर्यंत, मग जमिनीला. ते झालं की उभं राहून रिकामा हात कमरेपर्यंत, छातीपर्यंत, खांद्यापर्यंत.

पाच दिवसांनी तो आला की ती आता चिकनला पण घाबरायलीय. मला कळेना. परत पायरीवर जाऊन बसले आणि बघितलं, आणि चूक माझीच निघाली. तो आधी खिशातून चिकन काढून तिला दाखवत होता, ती पुढं आली की वाकत होता. मी क्रम सांगितला होता पण का ते सांगितलं नव्हतं, त्याला वाटलं दोन्ही एकच. एकच नाहीये. आधी वाकणं मग चिकन असेल तर वाकणं म्हणजे चिकन येणार ही खूण होते. आधी चिकन मग वाकणं असेल तर चिकन म्हणजे आता तो वाकणार ही खूण होते, आणि पाच दिवसांत तिच्यासाठी चिकन हीच धोक्याची गोष्ट झाली. घंटा वाजवून कुत्र्याला जेवण द्यायचा पाव्हलॉवचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो, त्यात घंटा आधी वाजते हे लक्षात राहत नाही. आम्ही चार दिवस सगळं बंद ठेवलं, मग चिकनऐवजी उकडलेलं अंडं घेतलं म्हणजे जुनी आठवण मधे नको, आणि चार फूट आणखी लांबून परत पहिल्यापासून सुरू केलं. अंडं खिशात नाही, मागं खिडकीत वाटीत ठेवायचं, म्हणजे वाकून झाल्याशिवाय त्याच्या हातात काही नाहीच.

या पोरानं एक वही घातली होती, ती मला फार आवडली. रोज तारीख, किती वेळा वाकलो, त्यातलं किती वेळा कान मागं गेले, किती वेळा ती उठली. दहाव्या दिवशी हात जमिनीला लागला तेव्हा दहापैकी सात वेळा ती उठली होती, सतराव्या दिवशी दोन वेळा, आणि बाविसाव्या दिवशी त्यानं लिहिलंय, "उठली नाही. खिडकीकडं बघितलं." खिडकी म्हणजे अंड्याची वाटी. हे वाचून मी त्याला म्हणलं, आता झालं बघ सुरू.

खेळणं काय घ्यायचं यावर आम्ही बराच विचार केला. तो लाल बॉल पहिल्याच दिवशी बाद झाला होता. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग नीट वेगळा दिसतो, लाल आणि हिरवा नाही, लाल त्याला मळकट तपकिरी दिसतो. तर आपल्या अंगणातल्या मातीवर लाल बॉल म्हणजे मातीवर मातीच. टेनिस बॉल घ्यावा तर त्याची लव दातांना घासते आणि धूळ धरली की पॉलिश पेपरसारखीच होते, रोज चघळायला चांगला नाही. काठी तर मी कुणालाच सांगत नाही, टोक टाळ्यात घुसतं. आणि दगड... लोक गंमत म्हणून दगड आणायला लावतात कुत्र्याला, दात तुटतात, आणि हिच्या बाबतीत तर विचारच नको.

शेवटी वडिलांनी कारखान्यातून सेकंडच्या मालातले दोन पिवळे टर्किश टॉवेल आणले, नॅपकिन साइजचे. त्याची लांबट गुंडाळी करून मधे एक घट्ट गाठ. मऊ, हलका, पडला तर आवाज नाही, नाकावर लागला तरी काही नाही, आणि घरभर ज्याचा वास आहे तोच वास. सोलापुरात याच्याइतकं स्वस्त खेळणं दुसरं नाही. एकच काळजी, टर्किशचे लूप ओढले गेले की लांब धागे निघतात आणि धागा गिळला तर आतड्यात अडकून ऑपरेशनची वेळ येऊ शकते. म्हणून खेळ संपला की टॉवेल वर कपाटात, तिच्याजवळ ठेवायचा नाही, आणि सुटलेले धागे रोज कात्रीनं कापायचे. हे काम आज्जींनी घेतलं.

आता आणून देणं. हे मी नेहमी शेवटाकडून शिकवते. फेकणं, धावणं, उचलणं, वळणं, येणं, देणं अशी साखळी धरली तर आधी "देणं" शिकवायचं, सगळ्यात शेवटी फेकणं. म्हणजे ती जसजशी पुढं शिकत जाते तसतशी प्रत्येक वेळी ओळखीच्या आणि फायद्याच्या गोष्टीकडं येत राहते. उलटं केलं तर टॉवेल घेईपर्यंत मजा आणि नंतर सगळं अनोळखी, मग कुत्रं टॉवेल घेऊन जिन्याखाली जाणारच.

पोरगा पायरीवर बसायचा, टॉवेल मांडीवर. तिनं नाक लावलं, "हां", अंड्याचा तुकडा. तोंडात धरला, "हां", तुकडा. तुकड्यासाठी तोंड उघडलं की टॉवेल आपोआप त्याच्या हातात. आणि इथं मी एका गोष्टीवर फार आग्रह धरला, टॉवेल हातात आला की लगेच तिला परत द्यायचा. दहापैकी आठ वेळा परत. ज्या कुत्रीची प्रत्येक वस्तू आजवर काढून घेतली गेलीय तिला हे तोंडानं सांगून कळत नाही, मोजून पन्नास वेळा परत मिळालं की कळतं. चपलेचं पण तेच केलं, मागं धावायचं नाही असं घरात ठरलं, चप्पल नेली की कुणीतरी टॉवेल घेऊन पायरीवर बसायचं. पहिल्या आठवड्यात दोन चपला दिवसभर जिन्याखालीच राहिल्या, वडील एक दिवस कारखान्याला पोराची स्लीपर घालून गेले, पण कुणी नियम मोडला नाही.

मग टॉवेल मांडीवरून पायाजवळ, पायाजवळून दोन फूट, चार फूट. घराच्या आणि कंपाउंडच्या भिंतीमधे चार फुटांचा बोळ आहे, एका बाजूनं बंद, तो इथं कामाला आला. टॉवेल बोळात सरपटवायचा, ती आत जाईल, आणि बाहेर यायची वाट पोराकडूनच आहे. पण मी त्याला वाटेत बसू दिलं नाही. तो तोंडाशी एका बाजूला, भिंतीला पाठ लावून, म्हणजे तिला वाटलं तर शेजारून निघून जायला दोन-अडीच फूट मोकळे. कोंडलंय असं वाटलं असतं तर महिन्याभराचं काम एका दिवसात गेलं असतं. पहिल्या दिवशी ती सहापैकी चार वेळा टॉवेल घेऊन त्याच्या शेजारून निघून गेली. त्यानं मागं वळून पण बघितलं नाही, दुसरा तसलाच टॉवेल जमिनीवर सापासारखा हलवत बसला. पाचव्या वेळी ती परत आली, पहिला टाकला, दुसरा धरला. सारखे दोन टॉवेल का आणले ते वडिलांना त्या दिवशी कळलं.

इथं भाषेचं आलं. डिसेंबरच्या मध्यात एक विचित्र गोष्ट दिसायला लागली, ती टॉवेल घेऊन निम्म्या वाटेत थांबायची आणि इकडंतिकडं बघत राहायची. वहीत तीन दिवस ओळीनं "मधेच थांबली". मी एकदा संध्याकाळी जाऊन ऐकलं फक्त. पोरगा म्हणतोय "फेच", मग "आण आण". दारातून वडील "तीस्करा!" आज्जी "दा, दा". वरच्या गॅलरीतून त्या वहिनी कौतुकानं "बा, बा इल्ली". सगळे प्रेमानंच बोलत होते पण तिच्यासाठी चार बाजूंनी चार वेगवेगळे आवाज. तिनं जायचं कुणाकडं?

रात्री घरात बैठक झाली. पोराला "आण" ठेवायचं होतं. आज्जी म्हणाल्या, दिवसभर तिच्याशी मी बोलते, तुम्ही सगळे बाहेर असता, तिला घरातलं बोलणं कळतं. मला ते एकदम पटलं. कुत्र्याला शब्दाचा अर्थ मराठीतून कळत नाही की इंग्लिशमधून, त्याला आवाज ओळखीचा लागतो आणि दर वेळी तोच लागतो. मग ठरलं, आणायला "तीस्करा", सोडायला "इय्यि", आणि ज्याच्या हातात खेळ आहे तो एकटाच बोलणार, बाकीच्यांनी बघायचं. वरच्या वहिनींनी पण पाळलं ते. चार दिवसांत मधे थांबणं जवळजवळ गेलं.

मग संक्रांत. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सोलापुरात काय असतं ते सांगायला नको, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला हे सगळे गेले, शेंगी घरात, आज्जी सोबत होत्या. त्याचं काही नाही. पण होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाच्या रात्री आमच्या भागात पण पोरांनी दिवाळीचे उरलेले फटाके काढले. सकाळी ती जिन्याखालून निघेना, दीड दिवस खाल्लं नाही, आणि पोरानं टॉवेल काढल्यावर तिनं मान फिरवली. तो रडकुंडीला आला, म्हणाला सगळं गेलं. मी म्हणलं आठ दिवस टॉवेल कपाटात, नुसता तिच्याशेजारी बसून अभ्यास कर. नवव्या दिवशी परत मांडीवरून सुरू केलं, आणि जे पहिल्यांदा तीन आठवड्यांत झालं होतं ते चार दिवसांत झालं. घाबरल्यावर मागं जाणं होतंच, तेव्हा ओढायचं नसतं, एवढं मी इतक्या वर्षांत कुत्र्यांकडूनच शिकलेय.

हवेतलं झेलणं आम्ही फेब्रुवारीत काढलं आणि तेही टॉवेलनं नाही, मक्याच्या लाह्यांनी. बिनमिठाच्या, बिनतेलाच्या. लाही हळू पडते, पांढरी दिसते, लागली तरी कळत नाही. कुत्र्याला नाकाच्या अगदी जवळचं धूसर दिसतं, म्हणून झेल घ्यायचा तर वस्तू थोड्या लांबूनच नजरेत यावी लागते आणि तोंड कधी उघडायचं हा अंदाज सरावानंच बसतो. पहिल्या वीस-पंचवीस लाह्या तिच्या कपाळावर, नाकावर, कानात. सगळीकडं असं सांगतात की खाली पडलेली आपण आधी उचलून घ्यायची, म्हणजे कुत्र्याला कळतं हवेतली पकडली तरच आपली. मी पण सांगत आलेय. शेंगीच्या बाबतीत पहिल्यांदा पोरानं पडलेली लाही उचलायला हात घातला आणि ती गुरगुरली, हलकंसं, पण गुरगुरली. रस्त्यावर जमिनीवर पडलेलं अन्न ज्यानं आधी धरलं त्याचं असतं. तो नियम आम्ही लगेच सोडला. पडलेली तिची. त्याऐवजी अंतर कमी केलं, वीतभर अंतरावरून, तिच्या ओठांच्या दिशेनं, अगदी सोपी. झेलली की लाहीबरोबर अंड्याचा तुकडा पण, पडली तर नुसती लाही. आठ-नऊ दिवस लागले. मग एकदा "टक्" असा दातांचा आवाज आला आणि आज्जी आतून विचारतात, काय मोडलं?

टॉवेल झेलताना नेहमी खालून टाकायचा, छातीच्या उंचीवर, डोळ्यांवर नाही. टाकण्याआधी हात दोनदा झुलवायचा, एक, दोन, आणि तिसऱ्याला सोडायचा, म्हणजे तिला वेळ कळते आणि हात अचानक हलत नाही. डोक्यावरून उंच टाकून उड्या मारायला लावायचं नाही, ते फोटोत छान दिसतं पण मागच्या पायांवर वाकडं उतरलं की गुडघ्याचं लिगामेंट जातं. यांच्या अंगणात निम्मी शहाबादी फरशी आहे, ती पाणी मारल्यावर गुळगुळीत होते, म्हणून खेळ मातीच्या बाजूला, नाहीतर फरशीवर पोती टाकून. एका वेळी आठ-दहाच झेल. तिला अजून हवं असताना थांबवायचं, हे पोराला सगळ्यात अवघड गेलं.

मार्च लागला आणि ऊन सुरू झालं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकूनच ते गार होतं. त्यात फेच हा असा खेळ की कुत्रं दमलंय हे विसरून पळत राहतं. संध्याकाळी सहाला पण जमीन तापलेलीच असते, हाताची मागची बाजू पाच-सहा सेकंद टेकवून बघा, आपल्याला सोसत नसेल तर तिच्या पंजांना पण नाही. म्हणून खेळ पहाटे, पावणेसहाला, आणि जेवणाच्या आधी. पोरगा, जो शाळेला उठत नव्हता, तो उठायला लागला.

खाण्याचं एक सांगते, कारण त्यात गडबड झाली असती. आज्जी तिला लाडानं कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणी लावून देत होत्या. भाकरी चालते, चटणी नाही. आपल्या शेंगाचटणीत लसूण असतो आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी खराब करतात. नाव शेंगी असून शेंगाचटणी नाही म्हणून आज्जी हळहळल्या, पण त्या दिवसापासून कोरी भाकरी. तिचा कडकड आवाज शेंगीला एवढा आवडतो की शेवटी शेवटी अंड्याच्या जागी तेच बक्षीस झालं.

गल्लीतल्या पोरांचं पण लिहायला पाहिजे. त्यातल्या दोघा-तिघांना कुत्र्यांना दगड मारायची सवय होती, वाईट पोरं नाहीत, मोठ्यांचं बघून शिकलेली. मी त्यांना काही बोलले नाही. शेंगी बोळात टॉवेल आणते हे बघायला ती कंपाउंडवर बसायची. एक दिवस आमचा पोरगा त्यांना म्हणाला, खाली ये बे, पण बसून, आणि हात खाली ठेवून. एकानं पायरीवर बसून टॉवेल सरपटवला. तिनं आणला, त्याच्यापासून हातभर लांब ठेवला आणि मागं झाली. तो पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. आता तो रोज येतो.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वहीत ही नोंद आहे: "हात डोक्यावर. टॉवेल हातात. दहा फूट. दहापैकी नऊ वेळा जागेवर, शेपूट वर." त्यानंतर त्यानं पहिल्यांदा वरून टाकला, हळू, आणि ती टॉवेलच्या मागं गेली. मी तिथं होते. त्यानं माझ्याकडं बघितलं पण नाही, "तीस्करा" एवढंच म्हणाला, आवाज जरा कापत होता, आणि ती घेऊन आली.

आज काय येतं आणि काय नाही ते सांगते. पोराला, आज्जींना आणि त्या एका गल्लीतल्या पोराला ती टॉवेल हातात आणून देते. वडिलांना पायाजवळ टाकते, हातात नाही, त्यांचा आवाज मोठा आहे. हवेतले झेल दहापैकी सहा-सात. रस्त्यावर अनोळखी माणूस खाली वाकला तर ती अजूनही पळते आणि ते मला बदलायचं पण नाहीये, बाहेर ते तिला लागणार. बॉल अजून नाही. निळा रबरी बॉल आणून ठेवलाय, दातांनी दाबला जाईल असा मऊ आणि घशात जाणार नाही एवढा मोठा, पण ऊन कमी होईपर्यंत नवीन काही काढायचं नाही असं ठरलंय. पहिल्या पावसानंतर तो बॉल टॉवेलमधे गुंडाळून, परत मांडीवरूनच सुरू करणार आहोत.